ब्याण्णव मीटर

घणसोलीचं आमचं मैदान
या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, तिरकं धरून,
ब्याण्णव मीटर भरतं.
टेप पप्पांची, रबाळ्याच्या शेडमधली.
मधे क्रिकेटवाल्यांच्या शिव्या.
पुढे भिंत, भिंतीवर कोळशाचे तीन स्टंप.

ब्लॉकही पप्पांनीच जोडून दिले,
अँगलच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून, मालकाला विचारून.
"किती डिग्री?" एवढंच विचारलं.
पुढचा पंचेचाळीस, मागचा साठच्या आसपास,
मढवी मॅडमनी सांगितलं,
आणि माझ्या पळण्यातलं काहीतरी
पप्पांना पहिल्यांदा कळलं.

"पहिली दहा पावलं खाली बघ,
कुणाचे पैसे पडलेत असं समज.
मान वर आली की कंबर बसते,
कंबर बसली की तू बसलीस.
जमीन मागे ढकल.
पुढे कसं जायचं ते ती बघून घेईल."

हात खिशापासून गालापर्यंत.
छातीपुढून आडवे गेले की मॅडम ओरडत,
"ताक घुसळतेस काय गं?"

मग एकदा डब्यातली तळलेली कुरडई मोडून
एकेक तुकडा माझ्या दोन्ही मुठींत दिला.
"पळ. मोडली नाही पाहिजे."
त्या दिवशी माझ्या बोटांतून चुरा गळला.
मी धापा टाकत तळवे चाटले, मीठ आणि घाम.
"बघ, एवढी ताकद सांडलीस," त्या म्हणाल्या,
"मुठीला कुठे पळायचंय?"

दिवाळीपर्यंत कुरडई शाबूत राहू लागली.
जबडा सुटला, खांदे कानांवरून खाली आले.
घड्याळ मात्र तेरावरच.
तेरा शून्य दोन. तेरा शून्य चार. तेरा शून्य दोन.

मार्चमध्ये त्यांनी मोबाइलवर मला मीच दाखवली, सावकाश.
ऐंशीपर्यंत पाऊल बरोबर कंबरेखाली, पंजा वर ओढलेला.
ऐंशीनंतर
पाऊल वीतभर पुढे, टाच आधी.
"इथे ब्रेक मारतेस."
पुन्हा लावलं. पुन्हा ऐंशीलाच.
मी बूट म्हणाले, चढ म्हणाले,
पाळी, अकरावीची परीक्षा, सगळं म्हणून झालं.
मॅडम ऐकत नव्हत्या. त्या भिंतीकडे बघत होत्या.

भिंतीवर माझ्या तळव्यांचे ठसे होते,
लाल मातीचे, छातीच्या उंचीला,
एकावर एक, किती ते मोजता येऊ नयेत असे.

"दोन वर्षं मी तुला थांबायला शिकवलं,"
एवढं बोलून त्या नळाकडे गेल्या
आणि बराच वेळ तोंड धूत राहिल्या.

ठाण्याच्या स्टेडियमवर मला सहावी लेन मिळाली.
ट्रॅक पायाखाली जरा उसळतो, तव्यासारखा तापतो.
ब्लॉक त्यांचे. मी वाकले,
बोटं रेषेमागे, मुठीत काही नव्हतं
तरी ते मोडणार नाही इतपतच मुठी मिटणार होत्या.

आवाज.
पडलेले पैसे शोधत दहा पावलं,
मग मान आपोआप उगवली.
चाळीसला कुणीतरी उजवीकडे होतं,
साठला नव्हतं. सत्तर.
ऐंशीला अंगाने भिंत शोधली.
तळवे उघडले, तयारीत.

भिंत नव्हती.
रेषा होती, रेषेपुढे ट्रॅक, ट्रॅकपुढे वळण,
वळणावर प्लास्टिकच्या खुर्चीत डुलक्या घेणारा एक माणूस.
ब्याण्णवनंतरचे ते आठ मीटर
मी आयुष्यात कधी पळाले नव्हते.
ते कसे पळतात हे मला कुणीच सांगितलं नव्हतं,
म्हणून मी आधीच्यासारखेच पळाले.

चौथी आले. बारा एकाहत्तर.
पण ते मला नंतर कळलं, कारण मी थांबलेच नव्हते,
वळण संपेपर्यंत नुसती जात राहिले,
खुर्चीतला माणूस दचकून उठला.

परत आले तर मॅडम पाठमोऱ्या, ओढणीने घड्याळ पुसत,
आणि पप्पा शर्यतीकडे पाठ करून
सहाव्या लेनमध्ये उकिडवे बसलेले,
त्यांच्या ब्लॉकचा सांधा नखाने तपासत.
"आपल्या जोडाला नाही येणार," म्हणाले.
मग मान वर केली.
"किती आलं गं?"